जाड मुठीचा कोयता

वत्सलाअक्कांच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी लिंबू अंगावर यायचं, नमस्कार नंतर. टेबलावर वाडगाभर लिंबं असत. आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्या एक उचलत आणि छातीच्या रोखानं फेकत. माणूस ते कुठल्या हातानं झेलतो, किती उशिरा झेलतो, दुखरा हात आपोआप पुढे येतो की मागे जातो, एवढं त्यांना बघायचं असे. ते कळलं की मग त्या नाव विचारत.

पहिल्या भेटीत माझ्या हातून लिंबू पडलं.

"कुठल्या कारखान्यातला?" त्यांनी विचारलं.

मी वार्ताहर असल्याचं सांगितलं.

"मग हाताला काही झालेलं नाही. नुसता आळशी आहे." तेव्हापासून त्या मला पेपरअण्णा म्हणत.

वत्सला जाधव बंगळूरच्या एका कामगार रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. अपघातानं निकामी झालेल्या हाताला पुन्हा रोजची कामं शिकवायची, हा त्यांचा धंदा. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि अक्कांच्या जिभेवर दोन्हींची मिसळ. अंगानं आडव्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ. बांगड्या नव्हत्या. बांगडी वाजली की पेशंटचं लक्ष जातं, असं त्या सांगत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका दैनिकासाठी कामगारांच्या बातम्या लिहीत होतो. शहरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटं जाण्याचे प्रकार सारखे घडत. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, वाकवणारं यंत्र. कामगार पत्रा आत सरकवतो, पायानं पेडल दाबतो आणि वरचा साचा खाली येतो. हात आत असला तरी तो थांबत नाही. पुढे जाळी असते. जाळीमुळे काम सावकाश होतं, म्हणून ती काढून भिंतीला टेकवून ठेवलेली असते.

मारुतीला आणलं तेव्हा मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात होतो. तो निपाणीकडचा, तिशीच्या आतला. उजव्या पंजाला गुंडाळलेल्या टॉवेलातून रक्त ठिबकत होतं. सुपरवायझरनं त्याची बोटं दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून आणली होती. डॉक्टरांनी पिशवी उघडली, आत बघितलं आणि ती ट्रेमध्ये ठेवून दिली. जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंगठा शाबूत होता. चारही बोटं मुळाजवळ चिरडली होती. मारुती ओरडत नव्हता. तो सुपरवायझरला कन्नडमधून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता: जाळी तू काढलीस, जाळी तू काढलीस.

जखम भरल्यावर तो अक्कांकडे आला.

अक्कांचं खातं तळमजल्यावर होतं. तिथे परदेशी उपकरणं नव्हती. नाचणीच्या पिठाचे गोळे होते, कपड्यांचे चिमटे, पितळी कुलपं, कढईतली उलथनी, सायकलच्या जुन्या ट्यूब. आखडलेला सांधा अक्का आपल्या अंगठ्यानं दाबून मोकळा करत, आणि धिप्पाड माणसं तिथे बाकावर तोंडात रुमाल कोंबून रडत. एकदा एका फिटरला कळ सहन झाली नाही. त्यानं चांगल्या हातानं अक्कांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून भिंतीवर आदळला. अक्कांनी तो उचलला, पुसला, घातला.

"डावा उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "आता उजवा आण इकडे."

प्रत्येक नव्या पेशंटला त्या एकच प्रश्न विचारत: "या हातानं पहिलं काम काय करायचंय?" कुणी शर्टाचं बटण सांगे, कुणी बिडी, कुणी सही. जे सांगेल तेच त्याचं उद्दिष्ट. मग अक्का त्या कामाचे तुकडे पाडत. बटण लावायचं म्हणजे आधी कोपर वळवायचं, मग मनगट, मग अंगठा कापडामागे सरकवायचा. प्रत्येक तुकडा वेगळा शिकवायच्या आणि शेवटी जोडायच्या. "काम मोठं दिसलं की हात घाबरतो," त्या म्हणत. "तुकडे केले की हात विसरतो की आपण घाबरलोय."

मारुतीनं उत्तर दिलं, "शहाळी सोलायची हायत. गाडी लावनार. परत मशीनवर न्हाई जानार."

अक्कांना उत्तर आवडलं. कोयत्याची मूठ पातळ असते, ती अंगठा आणि तळवा यांच्यात धरता येईना. अक्कांनी मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळली, ती जाड केली, चांभाराकडून चामड्याचा पट्टा शिवून घेतला. पट्टा मनगटाभोवती आवळला की कोयता हातातून निसटत नसे. अनेकदा बदलून, कापून, पुन्हा गुंडाळून ती मूठ मारुतीच्या थोट्या पंजात बसली. पहिलं शहाळं त्यानं खात्यातच फोडलं. पाणी अक्कांच्या साडीवर उडालं. बाकावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची बायको होती, शांता. हनुवटीखाली पदर आवळून दाराशी उभी. अक्कांनी सवयीनं तिच्याकडेही लिंबू फेकलं. शांतानं ते झेललं नाही, टाळलंही नाही. तिनं दोन्ही हात तोंडासमोर आडवे धरले आणि डोळे मिटले. लिंबू तिच्या कोपरावर आपटून खाली पडलं.

अक्का उठून तिच्याजवळ गेल्या. पदर बाजूला केला. जबडा काळानिळा होता.

"कशानं?"

"नळावर पडले वो अक्का."

"नळ डावखुरा आहे वाटतं," अक्का म्हणाल्या आणि मारुतीकडे बघितलं. मारुती कोयता पुसत होता.

मी तेव्हा त्यांना विचारलं, हे पोलिसांत द्यायचं नाही का? अक्कांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते त्यांनी मला ऐकवलं. "हाताला काम मिळालं की घरातलं निम्मं भांडण मिटतं, पेपरअण्णा. स्वल्प थांब." हे वाक्य त्यांच्या पेशाचा पाया होता. कॉलेजात त्या ते शिकल्या होत्या, आणि अनेक घरांत ते खरं ठरलेलं त्यांनी पाहिलं होतं.

मारुतीची गाडी बंगळूरच्याच यशवंतपूर भागात रस्त्यावर लागली. धंदा बरा होता. काही महिन्यांनी, दुपारची गिऱ्हाइकं पांगल्यावर, शांता त्याचा डबा घेऊन गाडीपाशी आली. डब्याला उशीर झाला होता. मारुतीनं आधी डबा फेकला. मग पट्टा मनगटावर आवळला. शेजारच्या फुलवालीनं पोलिसांना नंतर हे नेमकं सांगितलं: पट्टा त्यानं दातानं ओढून आवळला, आणि त्याला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात शांता पळाली नाही. तिनं दोन्ही हात तोंडासमोर आडवे धरले. पहिला वार डाव्या हाताच्या पाठीवर बसला. बोटं सरळ करणाऱ्या कंडरा तुटल्या. दुसरा वार खांद्यावर. तिसऱ्याला फुलवालीनं पाण्यानं भरलेली बादली त्याच्या पायांत ओतली आणि तो घसरून पडला. कोयता हातातून निसटला नाही. पट्टा पक्का होता.

शांता जगली. पोलिसांनी कोयता रुग्णालयात आणून विचारलं, ही मूठ कुणी बनवली?

"मी," अक्का म्हणाल्या.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलाचा मुद्दा साधा होता. ज्याला चार बोटं नाहीत तो माणूस कोयता धरू शकत नाही, मग वार कसा करेल? झटापटीत बाई स्वतःच पात्यावर पडली. फुलवालीला त्यानं उलटतपासणीत गोंधळवलं होतं. सगळं त्या एका मुद्द्यावर येऊन ठेपलं. सरकारी वकिलांनी अक्कांना साक्षीला बोलावलं.

मी वार्ताहरांच्या बाकावर होतो. अक्कांनी शपथ घेतली, मग कोर्टाची परवानगी मागून स्वतःच्या उजव्या हाताची चार बोटं दुमडली आणि शिपायाकडून रुमालानं बांधून घेतली. अंगठा तेवढा मोकळा. पुरावा म्हणून ठेवलेला कोयता त्यांनी तळव्यात घेतला, पट्टा दातानं ओढून आवळला आणि हात डोक्यावर उचलला. पातं हललं नाही. कारकुनानं खुर्ची मागे सरकवली. आरोपीच्या पिंजऱ्यात मारुती उभा राहिला.

"पुरे. खाली ठेवा," न्यायाधीश म्हणाले.

अक्कांनी कोयता ठेवला. पट्टा सोडायला त्यांना वेळ लागला. बाहेर पडताना मारुती मोठ्यानं म्हणाला, "हात बी तुमीच दिला न् फासबी तुमीच लावला व्हय अक्का? सुटलो की येतो."

त्याला शिक्षा झाली. अक्कांनी शांताच्या हाताचे उपचार पुरे केले. दोन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. मग त्यांनी राजीनामा दिला. कारण विचारणाऱ्या वरिष्ठांना त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हाताशी बोलले. त्याला लागून माणूस असतो, त्याला काही विचारलंच नाही."

यशवंतपुरात बॅटरीच्या दुकानावर त्यांनी एक खोली घेतली. खाली अ‍ॅसिडचा वास, वर अक्का. मध्ये पडदा टाकून मागच्या भागात शांता बसत असे आणि जुन्या पेशंटांसाठी चमचे, पकडी, करवती यांच्या मुठी ट्यूबनं जाड करत असे. कोयत्याचं काम मात्र त्या खोलीत घेतलं जात नसे. शांता राहायलाही अक्कांच्या घरीच होती. ती तिथे आहे हे मोजक्या लोकांना ठाऊक होतं.

पुढच्या भागात अक्का जे करत त्याला तेव्हा नाव नव्हतं. औषध नाही, मालिश नाही, सल्लाही नाही. हात गेलेली, नोकरी गेलेली, घरात मारणारी, मार खाणारी माणसं समोर येऊन बसत. पहिला प्रश्न जुनाच होता: पहिलं काय करायचंय? माणूस सांगे. मग अक्का कन्नडमधून 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणत आणि नवा प्रश्न विचारत: "सरी. आणि दुसरं?"

पहिलं उत्तर सगळे घरून तयार करून आणतात, असं त्यांचं मत झालं होतं. दुसऱ्याला माणूस अडतो.

एकदा मी तिथे असताना लेथवरचा एक कामगार आला होता. अंगठा गेलेला. पहिलं उत्तर, पुन्हा लेथवर जायचंय. दुसऱ्याला तो अडखळत म्हणाला, "मालकाची मान मोडायची."

"सरी," अक्का म्हणाल्या. "आधी काय करशील?"

"जाईन की त्याच्याकडे."

"जाशील नंतर. आधी उठशील. चप्पल कुठली घालशील?"

"चप्पल?"

"अनवाणी जाणार?"

"नाही. बूट घालेन. कामाचे."

"नाडी कोण बांधणार? अंगठा नाही तुला."

त्यानं पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "मुलगी बांधते."

"सरी. मुलीला काय सांगशील, कुठं चाललाय?"

त्यानं टेबलावर कपाळ आपटलं, एकदा, पुन्हा, वाडग्यातली लिंबं उडेपर्यंत. अक्कांनी मध्ये हात घातला नाही. फक्त त्याच्या कपाळाखाली घडी केलेला टॉवेल सरकवला. बटण लावण्याचे तुकडे पाडणारी ती जुनीच पद्धत होती. आता ती खुनाला लावली जात होती.

पुण्याहून आलेला एक सॉफ्टवेअरवाला तरुण लग्न मोडल्यानंतर त्यांच्याकडे येऊ लागला होता. त्यानं एकदा जाहीर केलं, "अक्का, अमेरिकेत याला लाइफ कोच म्हणतात. प्रॉपर प्रोफेशन आहे ते. तुम्ही कार्ड छापा."

"कोच म्हणजे तो शिट्टीवाला ना? धावतो दुसरा, ओरडतो हा?"

"तसं नाही हो."

"मग कसं? माझ्याकडे शिट्टी नाही, पोरा. लिंबं आहेत."

त्यानं हौसेनं कार्डं छापून आणली: वत्सला जाधव, लाइफ कोच. टेबलाचा एक पाय आखूड होता. काही कार्डं त्याखाली गेली, बाकीची शांतानं मुठींच्या आत भरायला वापरली. जाड पुठ्ठा चांगला बसतो, असं ती म्हणाली.

मारुती सुटल्याची बातमी मला पोलिसांकडून कळली. मी अक्कांना सांगायला गेलो. शांताला काही दिवस दुसरीकडे ठेवा, असं म्हटलं. अक्कांनी पडद्याकडे बघून विचारलं, "शांता, जाणार?"

आतून उत्तर आलं, "कुटं जाऊ? हितं काम हाय."

तो आला तेव्हा मी तिथे नव्हतो. शांता आणि खालचा बॅटरीवाला, दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं. जे दोघांचं जुळलं तेवढंच लिहितो.

दुपार होती. जिन्यावर पावलं वाजली, दार उघडलं, अक्कांनी न बघताच लिंबू फेकलं. मारुतीनं ते डाव्या हातानं झेललं आणि चुरगाळलं. रस त्याच्या मनगटावरून खाली गळला.

"शांता कुटं हाय?"

ती पडद्यामागे होती, हातभर अंतरावर. तिनं कात्री चालवणं थांबवलं.

"बस," अक्का म्हणाल्या. "तुला एक प्रश्न विचारायचा राहिला होता. शहाळी सोलायची, हे पहिलं. दुसरं काय होतं?"

"बायकू कुटं हाय ते सांगा."

"सांगते. आधी दुसरं."

"तिला तोडायची व्हती. तवाबी, आताबी. झालं?"

"सरी. आधी काय करशील?"

शांता सांगते की तो बसला होता. तो बोलतही होता. कुठून आला, चप्पल कुठली, रात्री कुठे झोपला, सगळं सांगत होता, आणि अक्का प्रत्येक तुकड्यावर त्याला अडवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "शांता मेली की दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा शर्ट कोण घालून देणार?" आणि तिथे तो उठला. टेबलावर व्यायामाचा लाकडी दांडा होता, लाटण्याएवढा. त्यानं तो डाव्या हातात घेतला आणि टेबलावर ठेवलेल्या अक्कांच्या उजव्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज खाली दुकानात ऐकू गेला, असं बॅटरीवाला म्हणतो. मारुतीनं पुन्हा विचारलं, कुटं हाय? अक्का म्हणाल्या, "सांगणार नाही." त्यानं पुन्हा तिथेच हाणलं.

पडदा सरकला. शांता बाहेर आली. तिच्या हातात ट्यूब कापायची सुरी होती, मूठ तिनंच जाड केलेली. तिनं या वेळी हात तोंडासमोर धरले नाहीत. ती सरळ त्याच्या अंगावर गेली.

अक्का दोघांच्या मध्ये आल्या. त्यांनी मारुतीकडे पाठ केली आणि तोंड शांताकडे. मोडलेला हात छातीशी, डावा पुढे.

"ठेव ती खाली."

"सरका अक्का."

"ठेव म्हणते. चप्पल कुठं आहे तुझी?"

मारुतीनं मागून अक्कांच्या खांद्यावर दांडा घातला. त्या गुडघ्यावर आल्या, पण शांताच्या वाटेतून हलल्या नाहीत. तोपर्यंत बॅटरीवाला आणि त्याची माणसं वर पोचली होती. त्यांनी मारुतीला जिन्यावरून ओढत नेलं. खाली त्याला इतकं मारलं की पोलिसांनी आल्यावर आधी रुग्णवाहिका मागवली. शांताच्या हातातली सुरी जमिनीवर पडली, ती कुणी उचलली नाही.

मारुती पुन्हा तुरुंगात गेला.

माझी बदली दिल्लीला झाली होती. निघण्याआधी मी निरोप घ्यायला अक्कांच्या खोलीवर गेलो. दार उघडलं तर लिंबू आलं नाही. अक्कांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, बोटांची टोकं तेवढी बाहेर, सुजलेली. समोर सारभाताची थाळी. शांता जमिनीवर बसून एका चमच्याच्या दांड्यावर ट्यूब गुंडाळत होती, दोन वाकड्या बोटांत टोक धरून. तिनं चमचा अक्कांच्या प्लास्टरमधून डोकावणाऱ्या बोटांत बसवून बघितला, काढला, आणखी एक फेरा दिला, पुन्हा बसवला.

"पैलं काय करनार ह्या हातानं?" तिनं विचारलं. आवाज अगदी अक्कांचा.

"लिंबू फेकणार," अक्का म्हणाल्या. "ह्या पेपरअण्णाच्या टाळक्यात. आजवर एक झेललं नाही मेल्यानं."

"सरी. आनि दुसरं?"

अक्का हसत होत्या, त्या थांबल्या. चमच्यावरची बोटं आवळली गेली आणि टोकांना पांढरी पडली.

"मारुतीचा डावा हातही तोडायचाय," त्या म्हणाल्या. "मनगटापासून."

मी खिडकीकडे बघितलं. खाली कुणीतरी बॅटरी आपटून ठेवली. शांता मात्र दचकली नाही. तिनं ट्यूबचं टोक दातानं तोडलं.

"सरी," ती म्हणाली. "आदी उठनार न्हवं? चप्पल कंची घालनार?"

अक्कांनी खाली बघितलं. त्यांच्या पायांत नेहमीच्या, बक्कल लावायच्या चपला होत्या. एका हातानं ते बक्कल लागत नव्हतं. हात मोडल्यापासून ते रोज सकाळी शांताच लावत होती.